स्टेरॉइडची मात्रा उतरविताना होणारी वेदना व तिचे मराठीतील वर्णन

१. प्रश्नाचे स्वरूप

सूज डोळ्यांना दिसते, ताप तापमापकावर मोजता येतो, रक्तातील शोथदर्शक द्रव्यांचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरविता येते. वेदनेचे तसे नाही. ती ज्याची त्यालाच कळते आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचते ती बहुतांशी शब्दांच्याच वाटेने. एरवी या शब्दांत थोडी संदिग्धता राहिली तरी फारसे बिघडत नाही. वैद्य तपासून ती दूर करतो. परंतु दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड औषध हळूहळू कमी करण्याचा काळ हा असा आहे की, त्या काळात रुग्णाच्या एका वाक्यावर पुढील निर्णय अवलंबून राहतो. 'पुन्हा दुखू लागले' हे ते वाक्य होय.

या वाक्याचे निदान चार अर्थ संभवतात व प्रत्येक अर्थाचा उपाय निराळा आहे. मूळ व्याधी उसळली असेल तर तिच्यावरचे औषध वाढवावे लागते. शरीर औषधाच्या सवयीतून बाहेर पडत असेल तर काही दिवस धीर धरावा लागतो. अधिवृक्क ग्रंथी काम करीत नसतील तर तातडीने उपचार न झाल्यास प्राणावर बेतते. आणि औषधानेच हाडास किंवा स्नायूस इजा पोहोचली असेल तर तिचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. हे चार अर्थ परस्परांपासून वेगळे करण्याची पुष्कळ सामग्री मराठी भाषेत मुळातच आहे. मात्र प्रश्न विचारण्याच्या रूढ पद्धतीमुळे ती वापरात येत नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. विवेचनासाठी ऱ्हुमॅटॉइड संधिशोथ, म्हणजे लोकव्यवहारात ज्याला बहुधा आमवात म्हणतात ती व्याधी, डोळ्यांसमोर ठेवली आहे.

२. औषधाचा पूर्वेतिहास व कार्य

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये २१ सप्टेंबर १९४८ रोजी फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिशोथाने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस एडवर्ड केंडल यांच्या संशोधनातून लाभलेले 'संयुग ई' टोचले. काही दिवसांतच ती हिंडू-फिरू लागली. हेच द्रव्य पुढे कॉर्टिसोन या नावाने प्रसिद्धीस आले आणि १९५० साली हेंच, केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबविले की लक्षणे परततात, हेही त्याच आरंभीच्या काळात ध्यानात आले होते. १९५२ साली याहून गंभीर अनुभव प्रसिद्ध झाला: कॉर्टिसोन घेत असलेला एक संधिशोथाचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला व शवपरीक्षेत त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रोज निर्माण करतात, आणि किती निर्माण करावयाचे याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीकडून येते. बाहेरून गोळीच्या रूपाने तेच काम करणारे द्रव्य भरपूर मिळू लागले की आज्ञा थांबते, आणि आज्ञा थांबली की ग्रंथी सुस्तावतात. प्रेड्निसोलोनचा विचार केला तर शरीराची रोजची स्वाभाविक गरज सुमारे ४ ते ६ मिलिग्रॅमइतकी धरली जाते. मात्रा याहून खाली येऊ लागली की उरलेली भर ग्रंथींनी घालावयाची असते; आणि त्या जाग्या होण्यास काही आठवडे, कित्येकदा काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. दुखणे हत्तीच्या पावलाने येते व मुंगीच्या पावलाने जाते, असे मराठीत म्हणतात. ही म्हण आजाराइतकीच या औषधालाही लागू पडते: ते मोठ्या मात्रेने सुरू होते, पण जाते मात्र एकेका मिलिग्रॅमने.

३. 'दुखणे' या नामातील अडचण

या म्हणीतील 'दुखणे' या शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. मराठीत तो वेदनेचाही वाचक आहे व आजाराचाही. 'गुडघ्याचे दुखणे' म्हणजे वेदना; 'तो दुखण्यातून उठला' म्हणजे आजारातून उठला. त्यामुळे औषध उतरवीत असलेला रुग्ण जेव्हा 'माझे दुखणे परतले' असे म्हणतो, तेव्हा वेदनेच्या अनुभवाबरोबरच आजार उलटल्याचे निदानही त्याच्या तोंडून नकळत उच्चारले जाते. ऐकणारा ते निदान तसेच स्वीकारतो, मात्रा पुन्हा वाढविली जाते, वेदना अर्थातच कमी होते, आणि त्यावरून निदान बरोबर होते असा समज दृढ होतो. वस्तुतः मात्रा वाढविल्याने वर सांगितलेल्यांपैकी पहिल्या तिन्ही प्रकारांत आराम पडतो. म्हणून आराम पडणे हा कोणत्याही एका प्रकाराचा पुरावा ठरू शकत नाही.

दुसरी अडचण जोडशब्दांची आहे. इंग्रजीत वेदना बहुधा नामाने सांगितली जाते. मराठीत ती मुख्यतः क्रियापदाने सांगितली जाते. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९९८ साली वेदनेच्या व्याकरणावर लिहिलेल्या निबंधात, वेदना ही वस्तू म्हणून, क्रिया म्हणून वा गुण म्हणून मांडता येते याची इंग्रजीच्या आधारे चर्चा केली आहे. मराठीत 'सांधे दुखतात' ही घटना आहे, तर 'सांधेदुखी आहे' हे रोगाचे नाव आहे. म्हणून इंग्रजी प्रश्नावलीवरून 'तुम्हाला सांधेदुखी आहे का?' असे विचारले की 'हो, दहा वर्षे आहे' असे उत्तर मिळते. ते खरे असते, परंतु उपयोगाचे नसते. 'आज सकाळी कोणते सांधे दुखत होते?' असे विचारले तरच त्या दिवसाची हकीकत कळते. शिवाय मराठीतील साधा वर्तमानकाळ रीतीही सांगतो व चालू क्षणही सांगतो. 'गुडघा दुखतो' यावरून तो आता दुखतो की अधूनमधून, हे कळत नाही. तेव्हा काळ शब्दाने निराळा विचारून घेणे आवश्यक ठरते.

४. वेदनेचे चार अर्थ व त्यांची शब्दकळा

रोनल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठात सिद्ध केलेल्या वेदनाप्रश्नावलीत ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत मांडली आहेत. वेदना केवळ कमीअधिक नसते तर निरनिराळ्या जातींची असते, हे त्या मांडणीमागील तत्त्व. ० ते १० या पट्टीवर केवळ आकडा विचारण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तीत हे तत्त्व हरवते. मात्रा उतरविण्याच्या काळात दोन अगदी निराळ्या वेदनांना ६ हाच आकडा मिळू शकतो. मराठीतील वेदनावाचक शब्द मात्र बव्हंशी जातीनुसार विभागलेले आहेत.

पहिला अर्थ व्याधी उसळल्याचा. यात वेदनेला ठिकाण असते. वाक्याचा कर्ता 'बोटे', 'मनगट', 'गुडघा' असा नेमका अवयव असतो. आणि क्रियापदे 'सुजणे', 'ठणकणे', 'आखडणे', 'धरणे' या वर्गातील असतात. 'सकाळी मूठ वळत नाही', 'बोटे धरली आहेत, ऊन पाण्यात घातली की सुटतात' ही या अवस्थेची प्रातिनिधिक वाक्ये होत. सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकतो, हालचालीने उतरतो, सांधा हाताला गरम लागतो आणि रक्तातील शोथदर्शक द्रव्ये सामान्यतः वाढलेली आढळतात.

दुसरा अर्थ औषधविच्छेदाचा. येथे वाक्याचा कर्ता बदलतो: बोटे किंवा गुडघा जाऊन त्यांच्या जागी 'अंग' येते. 'अंग मोडून येते', 'अंग कुटल्यासारखे दुखते', 'कसकस वाटते' असे रुग्ण सांगतो. झोप नीट लागत नाही, मन उदास किंवा चिडके होते. सांधे दुखतात, परंतु नवी सूज दिसत नाही. मात्रा कमी केल्यानंतर थोड्याच दिवसांत हे सुरू होते व तीच मात्रा स्थिर ठेवली असता पुष्कळदा एक-दोन आठवड्यांत ओसरू लागते. ही अवस्था संधिशोथाच्या उसळीसारखी भासते, याकडे मेयो क्लिनिकमधील चार्ल्स स्लोकम यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लक्ष वेधले होते. १९६० साली अमाट्रुडा व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, अधिवृक्क ग्रंथींचे कार्य शाबूत असतानाही ही लक्षणे होऊ शकतात. म्हणजे या वेदनेत आजारही उलटलेला नसतो आणि ग्रंथीही निकामी नसतात. परंतु वेदना मात्र खरी असते. 'हे मनाचे खेळ आहेत' असे म्हणणे शास्त्राला सोडून आहे.

तिसरा अर्थ ग्रंथींच्या अपुरेपणाचा. अंग व सांधे यातही दुखू शकतात, पण या अवस्थेतील महत्त्वाची वाक्ये बहुधा 'दुखते' या क्रियापदावाचूनच बोलली जातात, आणि म्हणूनच ती निसटतात. 'अन्नावर वासना नाही', 'मळमळते', 'उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते', 'गळून गेल्यासारखे होते' आणि सर्वांत वारंवार येणारे 'कसेतरी होते'. या शेवटच्या वाक्यात कर्ताच नाही. कशाला काय होते हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही, म्हणून ऐकणारे त्याला महत्त्व देत नाहीत. परंतु दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या व आता ते कमी करीत असलेल्या माणसाचे 'कसेतरी होते' हे गांभीर्याने घ्यावयाचे वाक्य आहे. त्यात ताप, जुलाब, उलट्या, अपघात वा शस्त्रक्रिया यांची भर पडली तर रक्तदाब एकाएकी उतरून रुग्ण दगावू शकतो.

चौथा अर्थ औषधाने मागे ठेवलेल्या इजेचा. दीर्घकालीन स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होतात, आणि मणक्याचे हाड किरकोळ ओझ्यानेही दबून मोडू शकते. मराठी बोलणारा माणूस पाठीतील अशा अचानक कळेला 'उसण भरली' असे म्हणतो. हा शब्द निरुपद्रवी आहे; उसण दोन दिवसांत शेकून जाते असा सर्वांचा अनुभव असतो. परंतु अनेक महिने स्टेरॉइड घेतलेल्या व्यक्तीची 'उसण' क्ष-किरण तपासणीवाचून सोडून देऊ नये. स्नायूंच्या दुर्बलतेचे वर्णन तर मराठी व्याकरणाच्या एका विशेषाशी निगडित आहे. 'जिना चढताना दुखते' आणि 'जिना चढवत नाही' ही दोन निराळी विधाने आहेत. दुसऱ्यातील क्रियापदाला व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणतात. ते वेदना सांगत नसून सामर्थ्याचा अभाव सांगते. स्टेरॉइडमुळे मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू क्षीण होतात तेव्हा बहुधा वेदना होत नाही. उकिडवे बसल्यावर उठवत नाही, उंच फळीवरचा डबा काढवत नाही. 'दुखते म्हणून चढवत नाही, की दुखत नसतानाही चढवत नाही?' हा एक प्रश्न येथे पुष्कळ काही उलगडतो.

५. स्थळवाचक शब्दांविषयी

वेदना कोठे आहे हे सांगणारे शब्दही भाषेनुसार शरीराची वाटणी निराळी करतात. मराठीत 'पाय' म्हणजे कमरेखालील संपूर्ण अवयव; घोटा, पाऊल, पोटरी, मांडी हे सर्व त्यात येते. 'हात' याचीही तीच स्थिती. तेव्हा 'पाय दुखतो' यावरून काहीच निश्चित होत नाही. याहून घोटाळ्याचा शब्द 'जांघ' हा आहे. मराठीत जांघ म्हणजे मांडी व ओटीपोट यांमधील सांध्याची जागा. हिंदीत तोच शब्द मांडीचा वाचक आहे. स्टेरॉइडमुळे मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटून तो झिजू लागतो, तेव्हा चालताना होणारी वेदना प्रायः जांघेतच जाणवते. मराठी रुग्णाने 'जांघेत दुखते' म्हणावे व हिंदीभाषी वैद्याने मांडीचे स्नायू तपासावेत, असा प्रसंग महाराष्ट्रातील शहरी रुग्णालयांत अशक्य नाही. बोटाने जागा दाखविण्यास सांगणे हाच त्यावर साधा उपाय होय.

६. मात्रा उतरविण्याची रीत व वेदनेचे नियोजन

पुढील आकडे सामान्य मार्गदर्शक स्वरूपाचे आहेत. प्रत्येक रुग्णाचा क्रम त्याचा वैद्यच ठरवितो. प्रेड्निसोलोनची मात्रा २० मिलिग्रॅमच्या वर असते तेव्हा ती तुलनेने झपाट्याने उतरविता येते. १० मिलिग्रॅमच्या खाली मात्र एकेक मिलिग्रॅम, दर एक ते चार आठवड्यांनी, असा संथ क्रम ठेवतात. मेथोट्रेक्सेटसारख्या मूळ व्याधी आवरणाऱ्या औषधांचा परिणाम दिसण्यास सुमारे ६ ते १२ आठवडे लागतात. तो आधार तयार होण्यापूर्वी स्टेरॉइड काढले तर व्याधी उसळणे ओघानेच येते.

स्टेरॉइड सोडता येतेच का, या शंकेला २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सेमिरा या चाचणीने बरेच उत्तर दिले आहे. टोसिलिझुमॅब हे औषध घेत असलेल्या व व्याधी आटोक्यात असलेल्या २५९ संधिशोथग्रस्तांपैकी काहींचे रोजचे ५ मिलिग्रॅम प्रेड्निसोन तसेच चालू ठेवले, तर काहींचे १६ आठवड्यांत शून्यावर आणले. २४ आठवड्यांअखेर, उसळीवाचून व्याधी आटोक्यात राहण्याचे प्रमाण पहिल्या गटात ७७ टक्के, तर दुसऱ्यात ६५ टक्के आढळले. म्हणजे औषध सोडणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश सुखरूप राहिले. परंतु या आकड्यांतील दुसरी गोष्टही तितकीच बोधप्रद आहे: ज्यांची मात्रा मुळीच कमी केली नव्हती त्यांच्यातही सुमारे एकचतुर्थांशांना यश लाभले नाही. मात्रा उतरविल्यानंतर दुखले म्हणजे ती उतरविल्यामुळेच दुखले, असा कार्यकारणभाव लावणे म्हणूनच घाईचे ठरते.

वेदना सुरू झाली असता प्रथम तिचा अर्थ ठरवावा. सूज नसेल व 'अंग' दुखत असेल, आणि तिसऱ्या प्रकारची लक्षणे नसतील, तर सहसा मात्रा लगेच न वाढविता आहे त्याच पायरीवर काही काळ थांबतात. ते असह्य झाले तर अगदी आरंभीच्या मोठ्या मात्रेकडे न परतता नुकत्याच सोडलेल्या पायरीवर परत जातात. दरम्यान सकाळच्या ताठरपणास शेक व ऊन पाणी, सुजलेल्या सांध्यास विश्रांती, इतर सांध्यांस बेताची नियमित हालचाल आणि मर्यादित प्रमाणात पॅरासिटॅमॉल यांचा उपयोग होतो. इबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्टेरॉइडबरोबर घेतल्यास जठरव्रण व रक्तस्राव यांचा धोका वाढतो. त्या वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत.

ग्रंथी जाग्या झाल्या की नाही, हे सकाळच्या वेळी रक्तातील कॉर्टिसॉल मोजून पाहता येते. युरोपीय व अमेरिकी अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२४ साली संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शनानुसार, हे प्रमाण दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक असल्यास औषध निर्धास्तपणे थांबविता येते. ५ ते १० यांच्या दरम्यान असल्यास स्वाभाविक गरजेइतकी मात्रा चालू ठेवून पुन्हा मोजावे. ५ हून कमी असल्यास काही महिने थांबावे. ताप किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर टोचूनच औषध द्यावे लागते. म्हणून स्टेरॉइड घेत असल्याची चिठ्ठी रुग्णाने नेहमी जवळ बाळगावी.

येथे आणखी एक प्रश्न भाषेचाच आहे. सांधेदुखीवर मिळणाऱ्या काही निनावी पुड्यांत व चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याच्या नोंदी भारतात झाल्या आहेत. 'स्टेरॉइड घेता का?' या प्रश्नाला अशी पुडी घेणारा मनुष्य प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. 'सांध्यांसाठी एखादी पुडी घेत होता का? कधी थांबविली?' असे विचारले तर उत्तर निराळे येते.

७. समारोप

शब्दांवरून रोगनिदान करता येते असा या विवेचनाचा आशय नाही. निदान तपासणीने व रक्तपरीक्षेनेच होते, आणि एकाच रुग्णात दोन अर्थ एकत्रही असू शकतात. परंतु कोणती तपासणी करावयाची हे रुग्ण काय बोलला यावर ठरते, आणि रुग्ण काय बोलणार हे त्याला काय विचारले यावर ठरते. मात्रा उतरविण्याच्या काळात रोजच्या टिपणवहीत आकड्याऐवजी पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात: काय दुखते, कोणत्या शब्दाने दुखते, कोणत्या वेळी, काय करताना, आणि शेवटची मात्रा कधी कमी केली. या पाच रकान्यांतून व्याधीची उसळ व औषधविच्छेद यांतील फरक कित्येकदा रुग्णाला स्वतःलाच दिसू लागतो, आणि अकारण वाढविलेली मात्रा टळते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे प्रत्यक्ष उपयोगाचे क्षेत्र उपलब्ध आहे. ठणका, कळ, चमक, सणक, उसण, कसकस यांच्या अर्थसीमा कोकणात, देशावर, खानदेशात व विदर्भात एकसारख्या आहेत असे गृहीत धरता येत नाही. त्या सीमा रुग्णांच्या बोलण्यातून नोंदवून वैद्यांपुढे ठेवणे हे कोशकार्यच होय. आणि त्या कोशातील अर्थ चुकला तर त्याची किंमत सांध्याने, हाडाने वा प्राणाने मोजावी लागते, एवढेच त्याचे इतर कोशांहून वेगळेपण.